भरतीची वेळ आणि अडकलेली फाइल : वाचकांचे प्रश्न

या वेळी निवडलेल्या सगळ्या प्रश्नांचे मूळ एकच आहे. सर्व्हर एका गावात, मशीन दुसऱ्या गावात, मध्ये हळू लाइन आणि तिच्यावरून माउंट केलेले एनएफएस, म्हणजे दूरच्या सर्व्हरवरचे फोल्डर आपल्याच मशीनवर असल्यासारखे जोडून देणारी सोय. आज्ञा आणि पर्यायांची नावे उच्चाराप्रमाणे छापली आहेत. टाइप करताना अर्थातच रोमन लिपी वापरा.

प्रश्न : आमचे आंब्याचे पॅकहाउस देवगडला आणि हिशेबाचे ऑफिस रत्नागिरीत. पॅकहाउसमध्ये फोर-जी राउटर आहे. अपलोड जेमतेम 2 मेगाबिट, डाउनलोड 10. रत्नागिरीतला जुना एनएएस (जाळ्यावर फाइली ठेवणारी पेटी) व्हीपीएनवरून (इंटरनेटमधल्या खासगी बोगद्यातून) एनएफएस आवृत्ती 3 ने माउंट केला आहे. 300 एमबीची फाइल टाकली की कॉपीची पट्टी दहा सेकंदांत 100 टक्क्यांवर जाते आणि तिथेच अर्धा-अर्धा तास बसते. लॉगमध्ये ‘सर्व्हर नॉट रिस्पॉन्डिंग, स्टिल ट्राइंग’ येते, थोड्या वेळाने ‘ओके’ येते, परत तेच. निदान 30 सेकंद थांबावे म्हणून टायमिओ=30 केले, तर त्रास वाढला. (एक वाचक, देवगड)

उत्तर : सर्व्हर मेलेला नाही आणि लाइनही तुटलेली नाही. तसे असते तर पाठोपाठ ‘ओके’ आले नसते. तुमच्या दारात रांग लागली आहे, आणि टायमिओ=30 ने ती आणखी लांबली.

टायमिओचे एकक सेकंद नाही, सेकंदाचा दहावा भाग आहे. म्हणजे 30 लिहिले की 3 सेकंद. टीसीपीवर (पोचपावती घेत माहिती पाठवण्याच्या नेहमीच्या पद्धतीवर) लिनक्सचे मूळ मूल्य 600, म्हणजे 60 सेकंद असते. तुम्ही थांबण्याची मुदत वाढवायला गेलात आणि ती वीसपट कमी केलीत. ही चूक फार जण करतात. दोष पर्यायाच्या नावाचाही आहे.

आता हिशेब पाहा. 2 मेगाबिट म्हणजे सेकंदाला 250 केबी. सर्व्हर परवानगी देत असेल तर लिनक्स एका राइट विनंतीत 1 एमबीपर्यंत माल भरते. तेवढा माल तुमच्या लाइनवरून जायला 4 सेकंदांच्या वर लागतात. मुदत 3 सेकंदांची. म्हणजे पहिली विनंती पूर्ण पोचायच्या आधीच क्लायंट (तुमचे मशीन) ती हरवली असे धरतो, आणि आवृत्ती 3 मध्ये तोच 1 एमबी त्याच जोडणीवर पुन्हा पाठवायला घेतो. आधीच भरलेल्या एसटीत तेच प्रवासी दुसऱ्यांदा चढवण्यासारखे हे आहे. आवृत्ती 4 मध्ये जोडणी जिवंत असताना विनंती पुन्हा पाठवायची नाही असा नियमच आहे, त्यामुळे हा विशिष्ट गोंधळ तिथे होत नाही.

पट्टी 100 टक्क्यांवर का पोचते? कारण कॉपी आधी तुमच्याच मशीनच्या मेमरीत होते. कर्नल (लिनक्सचा गाभा) साधारणपणे उपलब्ध मेमरीच्या 20 टक्क्यांपर्यंत न लिहिलेला माल साठवू देते. 8 जीबीच्या मशीनवर हा साठा दीड जीबीच्या आसपास जाऊ शकतो. फाइल बंद करताना मात्र एनएफएस सगळा माल सर्व्हरवर पोचेपर्यंत थांबते. 300 एमबी भागिले 250 केबी म्हणजे 1200 सेकंद, 20 मिनिटे. पुन्हा पाठवणे आणि लाइनवरची इतर कामे धरली की अर्धा तास झालाच. तेव्हा 20 मिनिटे हा तुमच्या लाइनचा खरा वेग आहे आणि कोणत्याही पर्यायाने तो कमी होणार नाही. थांबवता येईल ते चुकीचे टाइमआउट आणि दुबार पाठवणी.

आधी खात्री करून घ्या. ‘एनएफएसस्टॅट’ला ‘एम’ पर्याय दिला की माउंटवर प्रत्यक्ष लागू असलेली मूल्ये दिसतात. एफएसटॅबमध्ये (माउंटची यादी असलेल्या फाइलमध्ये) काय लिहिले आहे यापेक्षा हीच खरी. ‘आर’ आणि ‘सी’ दिले की कॉल्स (एकूण विनंत्या) आणि रेट्रान्स (पुन्हा पाठवलेल्या विनंत्या) हे दोन आकडे मिळतात. कॉपी चालू असताना रेट्रान्स वाढत असेल तर वरचे निदान पक्के. मग ‘एनएफएसआयओस्टॅट 5’ चालवून राइटच्या ओळीतले दोन रकाने ताडून पाहा : आरटीटी म्हणजे विनंती पाठवल्यापासून उत्तर येईपर्यंतचा वेळ, आणि एक्झी म्हणजे विनंती तयार झाल्यापासूनचा एकूण वेळ. एक्झी मोठा आणि आरटीटी लहान असेल तर माल तुमच्याच मशीनमध्ये तुंबला आहे. आरटीटीच मोठा असेल तर लाइन किंवा सर्व्हर तपासा.

दुरुस्ती या क्रमाने करा. एनएएसच्या सेटिंगमध्ये आवृत्ती 4.1 उपलब्ध असेल तर ती सुरू करा. माउंटचे पर्याय असे ठेवा : हार्ड, प्रोटो=टीसीपी, व्हर्स=4.1, डब्ल्यूसाइझ=32768, आरसाइझ=131072, टायमिओ=600, रेट्रान्स=2. डब्ल्यूसाइझ म्हणजे एका राइट विनंतीतला जास्तीत जास्त माल, बाइटमध्ये; 32768 म्हणजे 32 केबी. 32 केबीची एक विनंती तुमच्या लाइनवरून सुमारे 0.13 सेकंदात जाते. 4.1 मध्ये लिनक्स क्लायंट एका वेळी 64 पर्यंत विनंत्या सोडतो. त्या प्रत्येकी 1 एमबीच्या असतील तर 64 एमबी रांगेत, म्हणजे शेवटच्या विनंतीला सुमारे 270 सेकंद. आणि टायमिओ 600, रेट्रान्स 2 असताना ‘नॉट रिस्पॉन्डिंग’ची ओरड सुमारे 180 सेकंदांनी होते. 32 केबीच्या असतील तर सगळी रांग 2 एमबीची, 8-9 सेकंदांत संपणारी. आवृत्ती 3 वरच राहायचे असेल तर विनंत्यांची संख्या जवळपास मोकाट असते. त्यासाठी सनआरपीसी मॉड्यूलचा ‘टीसीपी मॅक्स स्लॉट टेबल एंट्रीज’ हा पर्याय 16 वर आणा.

रीमाउंट करून हे आकडे बदलत नाहीत. पूर्ण अनमाउंट करून नव्याने माउंट करा. त्याच सर्व्हरवरची तीच डिस्क दोन ठिकाणी माउंट असेल तर पहिल्या माउंटचे पर्याय दुसऱ्यालाही चिकटतात, तेव्हा दोन्ही काढा आणि पुन्हा एनएफएसस्टॅटने पडताळा.

मेमरीतला साठाही आवरा : व्हीएम-डर्टी-बॅकग्राउंड-बाइट्स 4194304 आणि व्हीएम-डर्टी-बाइट्स 16777216. पट्टी मग खरा वेग दाखवते आणि 16 एमबीच्या वर माल तुंबत नाही. हे मूल्य संपूर्ण मशीनला लागू होते, स्थानिक डिस्कवर मोठे लिखाण करणारे काम असेल तर तेही किंचित मंदावेल. पॅकहाउसमधल्या बिलिंगच्या मशीनला त्याने काही फरक पडू नये.

शेवटी राउटर. कॉपी चालू नसताना आणि चालू असताना असे दोनदा रत्नागिरीला पिंग करा. 50 मिलिसेकंदांचे 2000 होत असतील तर राउटरचा बफर (पाठवायचा माल थोपवून ठेवण्याची जागा) फुगतो आहे. राउटर ओपन-डब्ल्यूआरटी या मुक्त प्रणालीवर चालत असेल तर त्यात ‘केक’ ही रांग लावून अपलोड 1800 किलोबिटवर बांधा. 10 टक्के वेग स्वतःहून सोडला की रांग मोबाइल कंपनीच्या यंत्रात न लागता तुमच्या राउटरमध्ये लागते, आणि तिथे तिला शिस्त लावता येते. फोर-जीचा वेग दिवसभर बदलतो, म्हणून सकाळ, दुपार आणि रात्री आठनंतर ‘आयपर्फ’ने मोजा आणि त्यातल्या सर्वांत कमी आकड्यावरून मर्यादा ठरवा.

प्रश्न : गुहागर आणि चिपळूण अशी आमची दोन ऑफिसे वायरगार्ड या व्हीपीएनने जोडली आहेत. माउंट लगेच होते. लहान फोल्डर उघडतात, दोन-चार ओळींच्या फाइली वाचता येतात. मोठे फोल्डर किंवा पीडीएफ उघडले की कायमचे अडकते. पिंग मात्र एकही चुकत नाही. (एक वाचक, गुहागर)

उत्तर : लहान जाते आणि मोठे अडकते, तेही दर वेळी, तर एमटीयू (एका पाकिटाचा कमाल आकार, बाइटमध्ये) तपासा. वेगाचा याच्याशी संबंध नाही. पिंगचे पाकीट अगदी लहान असते, म्हणून त्याच्या यशावर जाऊ नका.

वायरगार्ड स्वतःचे एमटीयू 1420 धरते, म्हणजे खालची वाट 1500 ची आहे असे गृहीत धरते. पीपीपीओई (यूजरनेम-पासवर्डने लागणारी जोडणी) असलेल्या फायबरवर ती 1492 असते आणि मोबाइल जोडणीवर त्याहूनही कमी असू शकते. मग मोठ्या पाकिटांचे वाटेत तुकडे होतात. काही जाळी असे तुकडे गाळून टाकतात, आणि ‘पाकीट मोठे आहे’ हे सांगणारा आयसीएमपी निरोप एखाद्या फायरवॉलने अडवला असेल तर पाठवणाऱ्याला पत्ताच लागत नाही. तो तेच पाकीट पुन्हापुन्हा पाठवत राहतो.

मोजायचे ते बोगद्याच्या बाहेरून. ज्या ऑफिसला सार्वजनिक आयपी आहे त्याला दुसऱ्या बाजूने पिंग करा, तुकडे करण्यास मनाई करणारा ‘एम डू’ पर्याय आणि ‘एस 1464’ देऊन. 1464 मध्ये 28 बाइटचे शीर्षक मिळवले की 1492. उत्तर नाही आले तर आकडा चार-चारने उतरवत जा. समजा 1412 वर उत्तर आले, तर वाट 1440 ची. त्यातून वायरगार्डचे 80 वजा करा. आयपी आवृत्ती 4 वर 60 च लागतात, पण 80 धरले की पुढे आवृत्ती 6 आली तरी बिघडत नाही. उरले 1360. दोन्ही टोकांच्या इंटरफेस विभागात एमटीयू 1360 लिहा. एकाच टोकाला बदललेत तर एका दिशेने फाइल जाईल, उलट दिशेने अडकू शकेल, आणि आणखी एक दिवस डोके धरून बसाल.

वायरगार्ड राउटरवर आणि एनएफएसचा क्लायंट त्याच्या मागे असेल, तर राउटरच्या फायरवॉलमध्ये पुढे जाणाऱ्या टीसीपी जोडण्यांचा एमएसएस (एका पाकिटातला कमाल माल) वाटेच्या एमटीयूला बांधण्याचा नियमही घाला. आणि ज्या टोकाला सार्वजनिक आयपी नाही तिथे पर्सिस्टंट-कीपअलाइव्ह 25 सेकंद ठेवा. नाहीतर जोडणी निवांत असताना कंपनीच्या नॅटमधली (अनेकांना एकच सार्वजनिक आयपी वाटून देणाऱ्या यंत्रणेतली) नोंद पुसली जाते आणि सकाळचे पहिले फोल्डर उघडायला रुसते.

प्रश्न : खाडीच्या एका काठावर जेटीवरचे ऑफिस, पलीकडच्या काठावर बर्फाचा कारखाना. मध्ये अडीच किलोमीटर पाणी. 5.8 गिगाहर्ट्झच्या दोन डिश लावल्या आहेत, दोन्ही ओहोटीच्या पाण्यापासून सुमारे 10 मीटर उंच. एरवी उत्तम चालते, पण दिवसातून दोनदा तास-दीड तास एनएफएस टाइमआउट होते. वेळ रोज बदलते. टायमिओ, रेट्रान्स सगळे बदलून पाहिले. डिश बसवणारा म्हणतो, सॉफ्टवेअरचा दोष. (एक वाचक, दाभोळ)

उत्तर : वेळ रोज किती सरकते ते लिहून ठेवा. साधारण 50 मिनिटांनी पुढे जात असेल तर दोष पाण्याचा आहे. तिथीच्या पाऊणपट वाजता पूर्ण भरती, हा हिशेब तुमच्या जेटीवर कोणालाही विचारा : चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. प्रत्येक बंदराला थोडा फरक पडतो, पण तक्रारींच्या वेळा त्याच्याबरोबर सरकतात का एवढेच पाहायचे आहे. नेमकेपणासाठी भरतीचे छापील कोष्टक घ्या आणि डिशच्या पानावरची सिग्नलची पातळी दर मिनिटाला नोंदवा. चार दिवस पुरतात.

कारण असे. पलीकडच्या डिशकडे दोन लहरी पोचतात, एक सरळ आणि एक पाण्यावरून परावर्तित होऊन. पाण्यावर अशी निसटती आदळताना लहर उलटी होते. म्हणून दोन वाटांतला फरक पूर्ण एका तरंगलांबीइतका झाला की दोन्ही एकमेकींना खोडतात. हा फरक म्हणजे दोन्ही उंचींचा गुणाकार, गुणिले 2, भागिले अंतर. 5.8 गिगाहर्ट्झची तरंगलांबी 5.17 सेंटिमीटर आहे. ओहोटीला 2 × 10 × 10 ÷ 2500 = 8 सेंटिमीटर, म्हणजे दीडपट तरंगलांबी. दोन्ही लहरी एकमेकींना बळ देतात, सिग्नल झकास. पाणी 2 मीटर चढले की दोन्ही उंच्या 8 मीटर, आणि फरक 5.12 सेंटिमीटर. जवळजवळ नेमकी एक तरंगलांबी. सिग्नल पडतो. उधाणाला जास्त, भांगाच्या दिवसांत कमी त्रास होतो का, तेही पाहा. होत असेल तर शंकाच उरत नाही.

एक डिश सव्वा मीटर वर घ्या, एकच. मग पूर्ण भरतीला 2 × 9.25 × 8 ÷ 2500 = 5.9 सेंटिमीटर आणि ओहोटीला 9 सेंटिमीटर येतात. एक तरंगलांबी 5.17 आणि दोन तरंगलांबी 10.34 या दोन खड्ड्यांच्या मधल्या जागेत तुम्ही दिवसभर राहता. दोन्ही डिश दीड-दोन मीटर वर नेल्या तर भरतीचा त्रास जाऊन ओहोटीला सुरू होईल. हा हिशेब सपाट पाण्याचा आहे. लाटा, होड्या आणि डिशचा झोत यांनी थोडे इकडेतिकडे होते, म्हणून नव्या उंचीवर पुढच्या अमावास्येच्या उधाणापर्यंत नोंदी चालू ठेवा. चॅनेलची रुंदी 80 मेगाहर्ट्झ असेल तर 20 करा. वेग उतरेल, पण सिग्नल पडला तरी धागा टिकेल, आणि एनएफएसला तेच हवे असते.

डिश हलवण्यासाठी वर चढालच, तर केबलचा आरजे-45 कनेक्टर काढून पाहा. खाऱ्या हवेत त्याच्या पट्ट्या हिरव्या पडतात, जोडणी 100 किंवा 10 मेगाबिटवर घसरते आणि पाकिटे सदोष पोचतात. ‘इथटूल’मध्ये सीआरसीच्या (पाकीट वाटेत बिघडल्याच्या) चुका वाढताना दिसल्या तर कनेक्टर कापून नवा लावा आणि तोंड खाली करून पाणीरोधक आवरणात ठेवा. मधल्या वाटेत दोन्ही काठांवरचे माडही पाहून घ्या. या अंतरावर मध्यभागी सरळ रेषेभोवती निदान साडेतीन मीटर जागा मोकळी लागते. काठाजवळ कमी चालते, पण ओल्या झावळ्या थेट आड आल्या तर पावसाळाभर सिग्नल खाली राहील.

आणि डिश बसवणाऱ्याला हे उत्तर दाखवायला हरकत नाही.

प्रश्न : लाइट गेली किंवा लाइन पडली की माउंट केलेल्या सगळ्या मशीन गोठतात. डिस्कवरची जागा दाखवणारी ‘डीएफ’ आज्ञासुद्धा अडकते, ‘किल’ला दाद नाही. ‘सॉफ्ट’ पर्याय लावावा असे एकाने सुचवले. लावू का? (एक वाचक, मालवण)

उत्तर : जिथे लिहिणे होते तिथे लावू नका. सॉफ्टमध्ये मुदत संपली की प्रोग्रामला इनपुट-आउटपुट चूक मिळते. बरेच प्रोग्राम ती नीट तपासत नाहीत, आणि अर्धवट फाइल ‘सेव्ह झाली’ असे सांगून मोकळे होतात. बिघाड आठवड्याने कळतो. फक्त वाचायच्या माउंटला, उदाहरणार्थ दरपत्रके किंवा जुनी स्कॅन केलेली कागदपत्रे, सॉफ्ट चालेल. तिथेही टायमिओ 600 पेक्षा फार खाली नेऊ नका.

गोठण्यावर वेगळे उपाय आहेत. एफएसटॅबमध्ये ‘नोफेल’, ‘नेटडेव्ह’ आणि ‘एक्स-सिस्टिमडी-ऑटोमाउंट’ लिहा. म्हणजे मशीन सुरू होताना सर्व्हरची वाट पाहत नाही, आणि फोल्डरला हात लावेपर्यंत माउंटही होत नाही. ‘एक्स-सिस्टिमडी-आयडल-टाइमआउट’ 10 मिनिटे ठेवले की न वापरलेले माउंट आपोआप सुटते. जे माउंटच नाही ते गोठवणार कसे?

अडकलेल्या प्रोग्रामला साधा किल चालत नाही, किल -9 चालतो. 2.6.25 पासूनच्या कर्नलमध्ये ‘इंटर’ हा जुना पर्याय निरर्थक आहे, जुन्या नोंदी पाहून तो लिहीत बसू नका. ‘डीएफ’ला ‘एल’ द्या, ते फक्त स्थानिक डिस्क पाहील. लाइन लवकर येणार नसेल तर ‘यूमाउंट’ला आधी ‘एफ’ आणि मग ‘एल’ देऊन माउंट सोडवा; त्या वेळी न पोचलेले लिखाण जाते हे लक्षात ठेवून.

आवृत्ती 4 मध्ये आणखी एक गोष्ट आहे. सर्व्हर क्लायंटला 90 सेकंदांचा भाडेपट्टा देतो. त्याहून जास्त वेळ लाइन गेली तर फाइलवरची कुलुपे जाऊ शकतात आणि लाइन परतल्यावरही एखादा प्रोग्राम चूक देतो. तो बंद करून उघडावा लागतो. सर्व्हर रीस्टार्ट झाल्यावरही पहिली 90 सेकंद तो नव्या कुलुपांना थोपवून धरतो. तेवढ्यात सगळे ‘बंदच आहे’ म्हणून पुन्हा रीस्टार्ट करतात, आणि मोजणी पहिल्यापासून. दीड मिनिट हात बांधून बसा. सर्व्हर, राउटर आणि फायबरचे ओएनटी (फायबर जिथे संपते ती पेटी) हे तिन्ही यूपीएसवर आहेत ना, तेही पाहा; ओएनटी बहुधा विसरला जातो.

प्रश्न : लग्नाच्या फोटोंचे फोल्डर, 2000 फाइली. सावंतवाडीच्या सर्व्हरवरचे हे फोल्डर वेंगुर्ल्यातून उघडायला पाच-दहा मिनिटे. लाइन 20 मेगाबिट आहे. (एक वाचक, वेंगुर्ले)

उत्तर : फाइल मॅनेजर लघुचित्रे बनवण्यासाठी फोटो वाचतो आहे. त्याच्या सेटिंगमध्ये लघुचित्रे ‘फक्त स्थानिक फाइलींसाठी’ करा. एवढ्याने भागले नाही तर पिंग पाहा. 60 मिलिसेकंद असेल आणि प्रत्येक फाइलची माहिती वेगळी विचारली जात असेल तर 2000 × 60 मिलिसेकंद म्हणजे 2 मिनिटे नुसत्या येण्याजाण्यात जातात. 20 मेगाबिटची लाइन 100 केली तरी ही 2 मिनिटे तशीच राहतील. फोटो एकदा टाकल्यावर बदलत नसतील तर ‘एसी-टायमिओ=600’ द्या. हा मात्र सेकंदांतच मोजतात! एकदा विचारलेली माहिती 10 मिनिटे धरून ठेवली जाईल. फोल्डर दिवसाप्रमाणे किंवा समारंभाप्रमाणे 200-300 फाइलींचे केलेत तर आणखी बरे.

प्रश्न : दोन गावांतून एकच हिशेबाचा डेटा एनएफएसवर उघडायचा आहे. आणि रोजचा बॅकअप त्याच माउंटवर आरसिंकने (फाइलींतला फरक काढून पाठवू शकणाऱ्या प्रोग्रामने) टाकतो, तो पूर्ण फाइल पाठवतो. (एक वाचक, कुडाळ)

उत्तर : पहिले करू नका. फाइलवर चालणारा डेटाबेस प्रत्येक नोंदीला कुलूप लावतो, वाचतो, लिहितो, कुलूप काढतो. घरच्या जाळ्यात हे दिसतही नाही, लाइनवर पिंग 60 मिलिसेकंद असेल तर प्रत्येक पायरी निदान तेवढ्याची होते, आणि मध्येच लाइन गेली तर फाइल बिघडते. प्रोग्राम सर्व्हरच्या गावातच चालवा, दुसऱ्या गावातून रिमोट डेस्कटॉपने बसा.

दुसरे सोपे आहे. माउंट केलेले फोल्डर आरसिंकला स्थानिक वाटते, म्हणून ते फरक न काढता सगळी फाइल लिहिते. आणि फरक काढायला लावलेत तरी जुनी फाइल लाइनवरूनच वाचून आणावी लागेल, म्हणजे आणखी तोटा. माउंट मध्ये न घेता एसएसएचवरून (दूरच्या मशीनशी सुरक्षित जोडणीवरून) थेट सर्व्हरला आरसिंक करा. दोन्हीकडे आरसिंक चालते, फक्त बदललेले भाग जातात. ‘पार्शल’ द्या म्हणजे लाइन तुटली तरी झालेले काम वाया जात नाही, आणि ‘बीडब्ल्यूलिमिट=180’ द्या; हा आकडा सेकंदाला किलोबाइटमध्ये असतो. 2 मेगाबिटच्या लाइनवर त्याने सुमारे 70 केबी इतरांसाठी मोकळे राहतात.